वैनीची हजेरी

हॉस्पिटलातल्या शेवटच्या भेटीत वैनीनं मला एकच गोष्ट विचारली. तिचा एक हात गादीवर टाकून दिल्यासारखा पडला होता, तोंडातून शब्द धड फुटत नव्हता. पण दुसऱ्या हाताची बोटं थांबायला तयार नव्हती... चादरीचा काठ अंगठ्यात नि बोटात धरून पीळ द्यायची, सोडायची, परत पीळ द्यायची. नर्स सारखी येऊन चादर नीट करत होती. शेवटी मी म्हटलं, "राहू द्या हो, दोर वळतेय ती." त्यावर नर्सनं माझ्याकडे असं बघितलं की मलाही शेजारच्या खाटेवर झोपवावं की काय. ती गेल्यावर वैनीनं मला वाकायला लावलं आणि कानाशी म्हणाली, "सांगल्यान काय गो, तिना नाव?" खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. तिनं डोळे मिटले आणि बोटं पुन्हा चादरीच्या काठाला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या वाण्याकडे फोन आला. मी तेव्हा पाण्याचं पिंप भरत होते. खाली जाऊन निरोप ऐकला, वर आले, नळ चालूच होता म्हणून आधी पिंप काठोकाठ भरून घेतलं, झाकण ठेवलं, आणि मग खाली बसून रडले. अर्धवट पिंप सोडून रडले असते तर तिनंच उठून मला बोल लावले असते.

वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ, सुलोचना. माझे थोरले दीर मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेले. घरात आम्ही चौघं, ती, मी, आमचे हे आणि आमची मुलगी मनी. थोरल्या जावेला अहोजाहो करायची पद्धत, पण तिनं पहिल्याच आठवड्यात ती मोडून काढली. "माका अहो म्हणू नको गो, कोणतरी दुसराच घरात इला असा वाटता." तेव्हापासून ती मला शालू आणि मी तिला वैनी, तू. हॉस्पिटलात तिनं विचारलं ते मनीबद्दल. आमची मनी बोलते चांगली, भांडते त्याहून चांगली, पण गेली काही वर्षं ती स्वतःचं नाव तोंडातून काढत नव्हती. कुणी "नाव काय गं तुझं?" म्हटलं की माझ्याकडे बघायची. शाळेत हजेरीला नुसता हात वर. बाई चिडायच्या, मला बोलावून घ्यायच्या, मी काहीतरी थातुरमातुर सांगून यायचे. खरं कारण सांगायचं तर त्यांना आमचा घाटकोपरचा डोंगर सांगावा लागला असता, आणि वैनीची आगोट.

मी चेंबूरची, सपाट जमिनीवर वाढलेली. लग्न करून घाटकोपरला आले तर घर डोंगराच्या उतारावर, बैठ्या चाळीतल्या शेवटच्या दोन खोल्या. स्वयंपाकाच्या खोलीची मागची भिंत आणि डोंगर यांच्यात एक माणूस आडवा जाईल एवढीच फट. पावसाळ्यात ती भिंत पाझरायची. भांडी घासताना मी तिच्याकडे पाठ करून बसायला घाबरायची, खरं सांगते. वाटायचं, मागं कुणीतरी मोठं उभं आहे आणि श्वास धरून आहे. पण हे बोलायचं कुणाशी? आजूबाजूची सगळी माणसं तिथंच जन्मलेली, हसली असती. वैनीला डोंगराची भीती नव्हती. तिला भीती पाण्याची. डोंगरावर बसून पाण्याची! मी चिडवायची तिला, "वैनी, इथवर पाणी चढलं ना, तर खाली आख्खं घाटकोपर बुडालेलं असेल गं, मग जगून तरी काय करणार आपण?" ती हसायची नाही. म्हणायची, "तुका कळाचा नाय. पाणी विचारून येणा नाय."

मालवणाकडे पावसाळ्याआधी घरात सगळा साठा करून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. तिकडची सगळीच माणसं करतात, पण वैनीची आगोट म्हणजे लढाईची तयारी. उन्हं तापली की चाळीसमोरच्या जागेत तिची सुकट, बोंबील, कोकमं, सांडगे. कावळ्यांना हाकलायला मनी आणि तिचा लाकडी चमचा. वालांना राख चोळायची, तांदळात कडुनिंबाचा पाला घालायची, पाण्यात तुरटी फिरवायची. लाकडाचा भुसा वखारीतून पोत्यानं आणून त्याची शेगडी पेटवायला मला शिकवलं, म्हणाली रॉकेल मिळाला नाय तर काय करशीत? नारळवाल्याकडून सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, उचलून आणायची, ती पिंपात कुजत ठेवायची. सगळी चाळ नाक धरून चालायची त्या दिवसांत. मग बडवून काथ्या काढायची आणि दारात पाय पसरून बसून दोर वळायची. यांची गिरणी बंद पडली, संप लांबत गेला, तेव्हा आजूबाजूच्या घरांत काय हाल झाले ते मी बघितलेत. आमच्याकडे रोज पेज होती आणि पेजेबरोबर भाजलेला बोंबील होता. त्या पावसाळ्यानंतर मी तिच्या आगोटीला नावं ठेवायची बंद केली. फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजायचं, ती म्हणजे हजेरी.

त्यामागची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, कोकमं फोडता फोडता, माझ्याकडे न बघता. तिचं माहेर खाडीकाठी. ती लहान असताना उधाण आणि पाऊस एकत्र आला आणि पाणी थेट घरात शिरलं. दिवा विझला. सगळी काळोखात धडपडत माळ्यावर चढली. वर बसल्यावर आईला वाटलं वैनीचा धाकटा भाऊ वडलांकडे आहे, वडलांना वाटलं वैनीकडे, वैनीला वाटलं आईच्या मांडीवर. कुणी विचारलंच नाही. उजाडल्यावर एकमेकांची तोंडं दिसली, तेव्हा कळलं की तो कुणाकडेच नव्हता... एवढं सांगून तिनं हातातलं कोकम फोडलं आणि म्हणाली, "कोणी नाव घेतला असता, तर कळला असता."  मला तिच्या हाताचा तो लाल रंग बघवेना.

म्हणून तिची हजेरी. आगोटीचं सामान सगळं स्वयंपाकाच्या खोलीवरच्या माळ्यावर, खाली काही नाही, कारण पाणी खालून येतं. कंदील वर, ताडपत्री वर, डबे वर. आणि दर पावसाळ्याच्या तोंडाला एखाद्या दुपारी ती आम्हा सगळ्यांचे डोळे पंच्यानं बांधायची. स्वतः ओरडायची, "इला! इला!" म्हणजे पाणी आलं, की आम्ही चाचपडत शिडी चढायची, ज्यानं त्यानं आपल्या ठरलेल्या जागी बसायचं आणि मोठ्यानं आपलं नाव सांगायचं, कुणीतरी येऊन हात लावेपर्यंत सांगत राहायचं. माझी जागा पापडाच्या डब्याशी, यांची ताडपत्रीवर, मनीची पार आत, कोकमाच्या बरणीजवळ. हे वैतागून "रघुनाथ, रघुनाथ" म्हणायचे, मी "शालू", मनी किंचाळून "मनी! मनी!" आणि सगळ्यात शेवटी शिडीवरून वैनीचा आवाज यायचा, "आनी मी." मग ती एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायची. मनीला तो आंधळ्या कोशिंबिरीपेक्षा भारी खेळ वाटायचा. माझ्या डोक्यात मात्र तिडीक जायची. मी एकदा फाडकन बोलले, "तुझी भीती तुझ्यापाशी ठेव ना. माझ्या पोरीला भित्री करू नकोस." ती म्हणाली, "भित्री ऱ्हवली तर ऱ्हवली. ऱ्हवली म्हणजे झाला." 

मनी तेव्हा सात वर्षांची असेल. भर पावसाळा, रविवारची दुपार. आदल्या आठवड्यापासून पाऊस नुसता लागून राहिला होता. हे कामाच्या शोधात मुलुंडला गेलेले, मी उताराखाली रेशनच्या दुकानात. परत चढत होते तेव्हा पायाखालून काहीतरी गेल्यासारखं वाटलं. आवाज नाही, आधी नुसती थरथर. आणि मग डोंगरानं तो धरलेला श्वास सोडला... मला दुसरे शब्द सुचत नाहीत. मी पिशवी टाकून पळत वर आले. चाळीचं आमचं टोक मागच्या बाजूनं चिखलात गेलं होतं. कौलं खचलेली, पुढचं दार तेवढं उभं. दारासमोर वैनी, अंगभर लाल माती. मी म्हटलं, "मनी?" तिनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं होतं मनी तिच्या मागोमाग बाहेर आली. मागं कुणी नव्हतं.

आणि मग आतून आवाज आला. बारीक, लांबून आल्यासारखा. "मनी... मनी..." आमची पोर स्वतःचं नाव सांगत होती.

त्या क्षणी वैनीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला मरेपर्यंत दिसत राहणार. भिंत फुटल्याचा आवाज ऐकला तेव्हा ती घाबरून ओरडली होती, आणि तोंडातून निघालं ते वर्षानुवर्षांचं, "इला! इला!" तिला म्हणायचं होतं बाहेर पळ. पण पोरीला शिकवलं होतं की हे ऐकलं की वर चढायचं, आपल्या जागी बसायचं आणि नाव सांगत राहायचं. ती शहाण्यासारखी चढली. पाणी खालून येतं म्हणून सगळं वर ठेवलं, आणि डोंगर वरून आला. "मीया चढवलंय तिका," वैनी एवढंच म्हणाली. मी तिच्या अंगावर धावून गेले, दंड धरून हलवली, काय वाटेल ते बोलले. लोक मला आवरायला लागले. कुणी म्हणालं बंबवाले येऊ देत, कुणी म्हणालं आत पाऊल टाकाल तर उरलेलं पण खाली येईल. आत "मनी... मनी..." चालूच. दोन हाकांच्या मधलं अंतर वाढत होतं.

दाराच्या खिळ्याला त्या वर्षीचा नवा दोर अडकवलेला होता. अर्धाच वळलेला, म्हणून अजून माळ्यावर गेला नव्हता. घरातली तेवढीच एक वस्तू जागेवर नव्हती. वैनीनं तो काढला, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि माझं मनगट असं दाबलं की अंगठा नाडीवर आला. "हिसको दिलंय काय ओढूक लाग. तवसर सोडू नको." मी म्हटलं, "वैनी, आत काही दिसणार नाही." ती म्हणाली, "माका दिसाक नको." खरंच तिनं डोळे मिटून घेतले. सांगते ना, उंबऱ्यावर उभं राहून तिनं डोळे मिटले आणि वाकून आत गेली. कोकमाची बरणी कुठं आहे, शिडी कुठं, कुठल्या वाशाला डोकं लागतं, हे तिच्या हातापायांना पाठ होतं. दोर माझ्या मुठीतून सरकत आत जात राहिला. मग थांबला. मग मनीचा आवाज थांबला. मागं कुठंतरी माती घसरल्याची खसखस...  दोर नुसता सैल पडलेला. वाट लागली, गेल्या दोघी, असं माझ्या मनात आलं, अगदी याच शब्दांत. आणि हिसका बसला. आजूबाजूच्यांनी धरलं, आम्ही ओढलं. काथ्यानं तळहात सोलवटले, पण दोर तुटला नाही. आधी वैनीची पाठ दिसली, आणि तिच्या पोटाशी मनी, एक पाय वेडावाकडा, तोंडात माती. माळ्याचा एक वासा तिरका अडकून राहिला होता, त्याच्या खोबणीत ती बसलेली. त्या दोघी बाहेर आल्या आणि तो वासाही गेला. चाळीतली बाकी माणसं वाचली. आमचं घर आणि वैनीची आख्खी आगोट डोंगराखाली गेली.

मनीचा पाय जुळला. नाव मात्र त्या दिवसापासून बंद झालं. डॉक्टर म्हणाले धक्का आहे, जाईल. मला वाटतं तिच्या लेखी ते नाव म्हणजे तो काळोख, ती माती. ती सांगत राहिली, सांगत राहिली, आणि कितीतरी वेळ कुणी येऊन डोक्यावर हात ठेवला नाही. मोठी झाल्यावर तिनं कधीतरी सांगितलं तर कळेल. यांना मुलुंडला एका कारखान्यात काम लागलं, तिथंच दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. वैनी म्हणाली मी गावाक जातंय. मी म्हटलं, "का? मला एकटीला भ्यायला ठेवून?" माझा राग गेला नव्हता, अजूनही एखादे दिवशी तो वर येतो. पण त्याच बाईनं माझी पोर आणून माझ्या ओटीत घातली होती. या दोन गोष्टी मनात एकत्र नांदायला शिकतात, कशा ते मला विचारू नका. ती आमच्याबरोबर मुलुंडला आली.

हजेरी तिनं पुन्हा कधी घेतली नाही. आगोट केली, पण अर्धं सामान वर फळीवर, अर्धं खाली खाटेखाली. पाण्याचं पिंप रोज भरायचं. तो दोर तिनं दाराच्या खिळ्याला लावला आणि वेळ मिळेल तसा तिथूनच पुढं वळत राहिली. संपवला कधीच नाही. मनीला शेगडी पेटवायला शिकवलं, गाठी मारायला शिकवलं, आणि एक नवीन नियम, आवाज कुठून येतोय त्याचा, "आधी ऐकाचा. खयसून येता ता ऐकाचा. मगे पळाचा." मोठा आवाज झाला की दोघी हातातलं काम सोडून मान तिरकी करून थांबायच्या. वरच्या मजल्यावर कुणी पाटा आपटला तरी. बघणाऱ्याला हसू यायचं, मला नाही. आणि रोज संध्याकाळी मनी शाळेतून आली की वैनी स्वयंपाकघरातनं मुद्दाम विचारायची, "कोण इला गो?" मनी म्हणायची, "मी." वैनी वाट बघायची. मग पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा. इतकी वर्षं एकदाही तिनं जबरदस्ती केली नाही, एकदाही विचारायची राहिली नाही. अर्धांगाचा झटका आला तोही तशाच वेळी, आणि तो प्रश्न ती हॉस्पिटलात घेऊन गेली.

तिला जाऊन महिना उलटून गेला. परवाची गोष्ट. दिवेलागणीची वेळ, हे दुसऱ्या पाळीला गेलेले. मी भाकरी थापत होते आणि एकाएकी धाडकन आवाज झाला, इतका की भांड्यांची फळी हलली, आणि त्याच क्षणी दिवे गेले. आख्ख्या इमारतीत काळोख.  मी परत त्या उतारावर, हातात दोर, दोर सैल... "मने!" मी ओरडले, "मने, कुठायस? मने!"

"आई, गप," काळोखातून आवाज आला. "आधी ऐक."

मी गप्प बसले. बाहेर लोकांची बडबड, कुणीतरी म्हणत होतं डीपी उडाला, म्हणजे रस्त्यावरची विजेची पेटी. वर काही नाही. मागं काही नाही. मग मनी म्हणाली, "वरून नाही येत काही. आता तू नाव सांग."

"काय?"

"नाव सांग ना, म्हणजे मला कळेल तू कुठायस."

 मी म्हटलं, "शालू." ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं, "शालू." भिंतीला हात घासत येणाऱ्या तिच्या पावलांचा आवाज आला. मग पावलं थांबली.  आणि मग, हळू, घोगऱ्या आवाजात, "मनी."

आणि आम्ही दोघी थांबलो. तिसरा आवाज यायचा होता. शिडीवरून यायचा, सगळ्यात शेवटी. तो येत नाही हे ठाऊक असून आम्ही त्या काळोखात कान देऊन उभ्या राहिलो, मी पिठाच्या हातांनी, ती दाराशी. मग माझ्या डोक्यावर एक हात आला, चाचपडत, केसांवरून. मी तो धरला. त्याच्या बोटांना काथ्याचा बारीक भुसा लागला होता.

दिवे आल्यावर बघितलं तर दाराच्या खिळ्यावरचा दोर खाली उतरवलेला होता आणि त्याचं मोकळं टोक ओल्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. कालपेक्षा वीतभर लांब झाला होता.